पोते कोणाचे? : अमली पदार्थांचा कायदा आणि ‘ताबा’

गेल्या पावसाळ्यात एक बाई महाविद्यालयाच्या फाटकापाशी माझी वाट पाहत उभी होती. तिचा मुलगा माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात. तीन आठवडे तो तासाला आलेला नव्हता आणि मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे निमूटपणे फुल्या मारीत होतो. बाईने पदराखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. म्हणाली, “सर, ह्यात काय लिवलंय ते वाचून सांगा. वकील म्हंतो, माल वीस किलोच्या वर हाय, जामीन व्हायचा नाही.”

मी मराठी शिकवतो. कायदा शिकलेलो नाही. पण घराण्यातला पहिला पदवीधर असलो की वस्तीतला प्रत्येक सरकारी कागद आपल्या दारी येतो, रेशनकार्डापासून समन्सापर्यंत. मी ते कागद वाचले. काळी-पिवळी जीप, चालक धरून दहा माणसे, मागच्या बाकड्याखाली तागाचे एक पोते. मुलगा त्या बाकड्यावर बसलेला. आणि पंचनाम्यातले ते वाक्य: ‘सदर इसमाच्या ताब्यात उग्र वासाचा, हिरवट रंगाचा, गांजासदृश पदार्थ मिळून आला. वजन २० किलो ६०० ग्रॅम.’

भाषेच्या शिक्षकाला हे वाक्य अडते. ‘मिळून आला’ म्हटले की पोते ठेवणारा, त्यात काय आहे हे जाणणारा आणि ते शोधून काढणारा, असे तिन्ही कर्ते एकदम नाहीसे होतात. उरतो तो ‘सदर इसम’ आणि त्याचा ‘ताबा’. ह्या एका शब्दावर माणसाची दहा ते वीस वर्षे टांगलेली असतात. म्हणून तो शब्द कायद्यात कसा सिद्ध होतो हे आपल्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी नीट समजून घेतले पाहिजे.

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम असे ह्या कायद्याचे लांबलचक मराठी नाव. ठाण्यात आणि कोर्टात सगळे त्याला एन.डी.पी.एस. म्हणतात. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. २००१ च्या दुरुस्तीने त्यात वजनाप्रमाणे शिक्षेच्या तीन पायऱ्या आल्या. गांजाचे पाहू, कारण आपल्या वस्तीत येते ते प्रकरण बहुधा गांजाचेच असते. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण: किमान दहा वर्षे, कमाल वीस, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. दोहोंच्या मधले असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद, पण किमान शिक्षेची सक्ती नाही. व्यापारी प्रमाण म्हटले की कलम ३७ आडवे येते. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी आधार आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याखेरीज जामीन नाही. खटला सुरू होण्यापूर्वीच निर्दोषत्वाची खात्री पटवायची, असा हा प्रकार आहे.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. एरवी फौजदारी कायद्यात गुन्हा सिद्ध करण्याचा भार शासनावर असतो. आरोपी गप्प बसला तरी चालते. ह्या कायद्यात ताबा सिद्ध झाला की भार उलटतो. कलम ५४ म्हणते, ताब्याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही तर गुन्हा केला असे गृहीत धरता येईल. कलम ३५ म्हणते, आरोपीला जाणीव होती, हेतू होता, असे न्यायालय गृहीतच धरील; तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे, आणि तेही संशयाला जागा न ठेवता. जीपमध्ये बसलेल्या विद्यार्थ्याने ‘मला ठाऊक नव्हते’ हे संशयापलीकडे कसे सिद्ध करावे? न जाणण्याला साक्षीदार कोठून आणावा?

ही कलमे घटनाबाह्य ठरवावीत अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे झाली. २००८ सालच्या नूर आगा प्रकरणात न्यायालयाने ती मानली नाही. परंतु एक रेघ मात्र ओढून दिली. नूर आगा हा अफगाण नागरिक, विमान कंपनीचा कर्मचारी. अमृतसरच्या विमानतळावर द्राक्षांच्या म्हणून आणलेल्या पेटीत हेरॉईन सापडल्याचा त्याच्यावर आरोप होता. न्यायालय म्हणाले, गृहीतके लागू होतात ती नंतर. आधी शासनाने पायाभूत गोष्टी वाजवी संशयापलीकडे सिद्ध केल्या पाहिजेत: माल होता, तो ह्याच माणसाच्या ताब्यात होता, आणि जप्त झाला तोच माल तपासणीला गेला. जप्त मालाचा पुरावा न्यायालयापुढे नीट आलेला नव्हता, स्वतंत्र साक्षीदार तपासलेले नव्हते. नूर आगा सुटला.

ही रेघ आपण डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. रेघेच्या पलीकडे गरीब आरोपीजवळ बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही. त्याचा बचाव रेघेच्या अलीकडेच असतो. झडतीपासून लाखेच्या सीलपर्यंतच्या त्या दोन-चार तासांत.

आता ताबा. माझे वडील मोंढ्यावर हमाल होते. तीस वर्षांत त्यांच्या पाठीवरून किती पोती गेली असतील ह्याचा हिशेब नाही. पोत्यात तूर आहे की सरकी, हे त्यांना वासावरून कळे. पण ‘पोते कोणाचे?’ असे कोणी विचारले असते तर ते हसले असते. पाठीवर असते तोवर वजन हमालाचे, माल आडत्याचा. कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. ताबा म्हणजे नुसते शरीराचे सान्निध्य नव्हे. वस्तूवर माणसाची सत्ता हवी आणि ती वस्तू काय आहे ह्याची जाणीव हवी. हात आणि मन, दोन्ही. याला न्यायालये ‘सजाण ताबा’ म्हणतात.

अवतार सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२००२) हा निवाडा प्रत्येक हमाल संघटनेने भिंतीवर लावावा असा आहे. अफूच्या बोंडांच्या भुशाने भरलेली पोती ट्रकमध्ये होती आणि पोत्यांवर माणसे बसलेली होती. खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने विचारले, पोत्यांवर बसणे म्हणजे ताबा काय? ती माणसे केवळ माल चढवण्या-उतरवण्यासाठी आणलेले मजूर असली तर? माल निदान तात्पुरता तरी त्यांच्या हवाली होता असे दाखवणारे काही नसेल, तर शिक्षा टिकणार नाही. शिवाय ताब्यासंबंधीचा प्रश्न खटल्यात आरोपींना विचारलेलाच नव्हता. म्हणजे खुलासा करण्याची संधीच दिलेली नव्हती. आरोपी सुटले.

पण ह्याच्या दुसऱ्या टोकाचे निवाडेही आहेत आणि ते लपवून कार्यकर्त्यांचे भले होणार नाही. मदनलाल विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य (२००३) ह्या प्रकरणात मोटारीत चरस सापडला. एकत्र प्रवास करणाऱ्या सर्वांची शिक्षा कायम राहिली. न्यायालय म्हणाले, ताबा एकदा सिद्ध झाला की तो अजाणतेपणी होता हे आरोपीनेच दाखवायचे, कारण ती गोष्ट त्याच्या खास माहितीतली. २०१५ सालच्या राजस्थानातील मोहनलाल प्रकरणात तर हातात काहीच नव्हते. अफू पुरून ठेवलेली. चोरी न्यायालयाच्याच मालखान्यातली आणि कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवसांतली. तरीही, पुरलेल्या जागेची माहिती त्याला होती आणि माल त्याच्या कह्यात होता, म्हणून ताबा चालूच होता असे ठरले. तात्पर्य, जवळ असूनही ताबा नसू शकतो आणि दूर असूनही असू शकतो. खरा प्रश्न एकच: ह्या माणसाची त्या वस्तूवर सत्ता होती, हे शासनाने कशावरून दाखवले?

येथे मला गायरानाची आठवण होते. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरान जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसल्या. विहिरी खोदल्या, मार खाल्ला. तरी तलाठ्याच्या वहीत ताबा लागावा म्हणून मोर्चे काढावे लागले, पंचनाम्यामागून पंचनामे झाले. जमिनीच्या बाबतीत ज्यांचा ताबा वर्षानुवर्षे सिद्ध होत नाही, त्यांचाच खाटेखालच्या पुडीवरचा ताबा एका सायंकाळी सिद्ध होतो!

आता झडतीकडे येऊ. गुप्त माहितीवरून घर, बंदिस्त जागा किंवा खाजगी वाहन झडायचे तर कलम ४२ प्रमाणे ती माहिती लिहून घेतली पाहिजे आणि ७२ तासांत तिची प्रत वरिष्ठांना पाठवली पाहिजे. करनैल सिंग प्रकरणात (२००९) घटनापीठाने सांगितले की, समाधानकारक कारण असेल तर उशीर चालेल. पण मुळीच लिहिले नाही हे चालणार नाही. सार्वजनिक जागेला व प्रवासी वाहनाला मात्र कलम ४२ ऐवजी ४३ लागते. म्हणजे काळी-पिवळीतल्या आमच्या मुलाला ह्या संरक्षणाचा फारसा उपयोग नाही.

कलम ५० सर्वांना ठाऊक असते. अंगझडतीपूर्वी संशयिताला सांगितले पाहिजे की, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यावी हा तुझा हक्क आहे. बलदेव सिंग (१९९९) आणि विजयसिंह जडेजा (२०१०) ह्या दोन प्रकरणांत घटनापीठांनी ही तरतूद सक्तीची ठरवली. शिक्षा जितकी कठोर तितकी दक्षता अधिक, हे त्यामागचे सूत्र. २०१४ सालच्या परमानंद प्रकरणात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले: प्रत्येकाला वेगवेगळे सांगितले पाहिजे, चौघांना एकत्र उभे करून नव्हे, आणि ‘आमच्यासमोरच दे’ असा तिसरा पर्याय पुढे करता येत नाही. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची हेही ह्याच कलमात आहे.

एवढे वाचून कार्यकर्ता खूश होतो आणि तेथेच फसतो. २००५ साली पवनकुमार प्रकरणात न्यायालयाने सांगितले की कलम ५० ‘व्यक्ती’च्या झडतीला आहे, पिशवी, पेटी, गाठोडे म्हणजे व्यक्ती नव्हे. २०२३ साली हेच पुन्हा ठामपणे सांगितले गेले. खिशातल्या पुडीला दंडाधिकारी, पोत्याला मात्र कोणी नाही. तर्क म्हणून निर्णय बिनचूक असेल. पण ओझे वाहून पोट भरणाऱ्याच्या वाट्याला त्या कलमातले काही येत नाही, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

म्हणून माझ्या मते खरी जागा पुढची आहे: सील, मालखाना आणि नमुना. कलम ५५ प्रमाणे माल ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने आपल्याही शिक्क्यानिशी सुरक्षित ठेवायचा. कलम ५७ प्रमाणे ४८ तासांत अटक-जप्तीचा पूर्ण अहवाल वरिष्ठांकडे जायचा. कलम ५२-अ प्रमाणे मालाची यादी, छायाचित्रे व नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित व्हायचे. २०१६ सालच्या मोहनलाल प्रकरणात (हे राजस्थानचे नव्हे, केंद्र सरकारचे) आणि २०२३ सालच्या सिमरनजीत सिंग प्रकरणात न्यायालयाने बजावले की, जागेवरच पोलिसांनी परस्पर नमुने काढणे ह्या कलमाला धरून नाही. २०२२ च्या नियमांतही नमुने दंडाधिकाऱ्यासमोरच आहेत. गांजाचा प्रत्येक नमुना किमान २४ ग्रॅमचा. अर्थात जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबाळे प्रकरणात न्यायालयाने हेही सांगितले की, ५२-अ पाळले नाही एवढ्यावरून खटला आपोआप कोसळत नाही. आधी आरोपीने चूक दाखवायची. मग त्या चुकीने पुराव्याला धक्का लागला नाही हे शासनाने सिद्ध करायचे. म्हणजे चूक दाखवणारा डोळा हवा. तो मोफत वकिलापाशी असेलच असे नाही.

पंच हा तर आपल्या फार जवळचा विषय. झडतीला त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हवेत, असे कायदा सांगतो. प्रतिष्ठित! गावात प्रतिष्ठा कोणाकडे असते हे आपल्याला ठाऊक आहे. पण पंचनाम्यावर अंगठा असतो तो हॉटेलातल्या पोऱ्याचा, हमालाचा, रिक्षावाल्याचा. ज्याला ‘चल’ म्हटले की ‘नाही’ म्हणता येत नाही अशाचा. माझ्या वडिलांना एकदा असेच मोंढ्यावरून नेले होते. रात्री उशिरा परतले तेव्हा अंगठ्याला शाई होती. कशावर अंगठा दिला असे मी विचारले. “कागद होते,” एवढेच म्हणाले. चार वर्षांनी समन्स आले तेव्हा त्यांना तो आरोपी आठवेना, जागा आठवेना. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर जाहीर केले. आयुष्यात कोणाची पै न बुडवणारा माणूस त्या दिवशी ‘फितूर’ हा शब्द घेऊन घरी आला आणि जेवला नाही.

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचे आणि जप्तीची यादी करण्याचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे गेले पाहिजे. ही तरतूद आपल्या उपयोगाची आहे. चित्रीकरण मागा. त्यात वजनकाटा दिसतो का, सील दिसते का, पंच कोठे उभे आहेत, हे पाहा. आणि उद्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला पंच म्हणून बोलावले तर त्याला सांगा: जा, पण पाहिल्याशिवाय, वाचल्याशिवाय सही करू नकोस. कायद्याचे हे काम प्रामाणिकपणे करणारा पंच निरपराध्यालाही वाचवतो आणि खऱ्या विक्रेत्यालाही सुटू देत नाही.

कारण एक आक्षेप मला ऐकू येतो आहे, आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांचा आहे. नशेने आपल्या वस्त्या पोखरल्या. पोरे नाल्याकाठी पडलेली असतात. आणि तुम्ही आरोपींच्या हक्कांचे काय घेऊन बसलात? आक्षेप खोटा नाही. माझ्या गल्लीतली दोन घरे मी बसताना पाहिली आहेत. पण पोत्यावर बसलेला तुरुंगात गेला की तपास तेथेच थांबतो. पोत्याचा मालक दुसरे पोते भरतो. ढिसाळ पंचनाम्याने निरपराधी वर्षानुवर्षे आत राहतो आणि अपराधी त्याच ढिसाळपणामुळे शेवटी सुटतो. ह्यात वस्तीचे काय भले झाले? आणि संशयावरून माणसे उचलणे ही आपल्याला नवी गोष्ट आहे काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच पुरावा मानले होते. तो १९५२ साली रद्द झाला. पारध्याच्या पोराकडे पाहण्याची नजर कोणत्या साली रद्द झाली?

बाबासाहेबांनी ह्या धोक्याचा विचार फार आधी केला होता. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदाची शब्दरचना संसदेला फार मोकळीक देते, ह्या मुद्द्यावर त्यांचे स्वतःचेही समाधान नव्हते. त्याची भरपाई म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी घटना समितीत नवा अनुच्छेद मांडला. तोच आजचा अनुच्छेद २२: अटकेची कारणे सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. ज्यांना आज कोणी ‘तांत्रिक मुद्दे’ म्हणून हिणवतो, ते मुद्दे त्यांना घटनेत घालण्याइतके मोलाचे वाटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. इंग्रजी कागदावर ‘समजले’ अशी सही घेण्याचे दिवस निदान कायद्याने तरी संपले.

‘सजाण ताबा’ हा शब्द देशाला खरा कळला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये, मुंबईतल्या जहाजाच्या प्रकरणात. एका प्रख्यात नटाच्या मुलाजवळ काही सापडले नव्हते. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याचे नाव दोषारोपपत्रातून वगळले गेले. झाले ते योग्यच झाले. त्याच्यासाठी देशातले नामांकित वकील उभे राहिले, आमच्या मुलासाठी तारीख उभी राहते. २०२२ सालच्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत शंभरातले पंचाहत्तरहून अधिक लोक कच्चे कैदी होते.

तरीही दोन-तीन गोष्टी हाताशी आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, तसेच कोठडीतल्या कोणालाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खटला अकारण लांबला तर कलम ३७ असूनही जामीन देता येतो, असे २०२३ साली मोहम्मद मुस्लिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. आणि अधिकाऱ्याने कलम ६७ खाली घेतलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, हे तूफान सिंग प्रकरणात (२०२०) ठरले आहे. ‘दुसऱ्याने तुझे नाव सांगितले’ एवढ्यावर आपली किती पोरे आत गेली आहेत हे आठवले म्हणजे ह्या निवाड्याची किंमत कळते.

त्या बाईचे कागद मी घरी नेले होते. रात्री वडिलांना पंचनामा मोठ्याने वाचून दाखवला. ते हल्ली फारसे बोलत नाहीत. वजनाचे वाक्य आले तेव्हा त्यांनी हात वर केला. “पोत्यासकट जोखलंय?” मी पुन्हा वाचले. ‘पोत्यासह’ असेच लिहिले होते. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे. शेंड्यांवेगळी असलेली पाने आणि बी त्यात येत नाहीत, मग ताग कोठून येणार? वडील म्हणाले, “तागाचं बारदान किलोभर भरतं. आडत्यासुद्धा बारदान वजा करतो. ह्यांनी केलं नाही?”

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य तांबड्या शाईने अधोरेखित केले आणि कागद विधी सेवा कार्यालयाने दिलेल्या वकिलांकडे नेऊन दिले. पुढली तारीख सोमवारची आहे.